मलेशियात न्याहारी घरी करायची नसते!

मैत्रिणींनो, सिंगापूर-मलेशियाची सहल आता आपल्याकडे अगदी घरोघरची झाली आहे. भिशीतल्या दहा जणींपैकी दोघी-तिघी तरी जाऊन आलेल्या असतात. आल्यावर जुळ्या मनोऱ्यांचे फोटो दाखवतात, बटू लेण्यांच्या २७२ पायऱ्या चढताना गुडघ्यांचं काय झालं ते सांगतात, आणि खाण्याचा विषय निघाला की मोठ्या समाधानानं म्हणतात, "त्याची काही काळजी नव्हती हं! आचारी बरोबरच होता. रोज सकाळी पोहे, नाहीतर उपमा!"

ऐकून हसावं की हळहळावं तेच मला कळत नाही. पोह्यांवर माझा राग नाही. पण मलेशियात जाऊन सकाळी पोहे खायचे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेवरूनच माघारी फिरायचं! त्या देशाची खरी ओळख सकाळी सात ते दहा ह्या वेळात रस्त्याच्या कडेला, टपरीत, घडीच्या टेबलावर मांडलेली असते. तिला तिकीट लागत नाही. फक्त सहलीतली एक सकाळ मोकळी ठेवावी लागते, आणि बरोबर नेलेला चिवड्याचा डबा त्या दिवशी बंद ठेवावा लागतो.

माझी भाची क्वालालंपूरजवळ राहते. तिच्याकडे मी आणि माझ्या धाकट्या जाऊबाई जाऊन राहिलो. मी मासे-अंडी खाणारी. जाऊबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. तेव्हा खाली जे लिहिते आहे ते दोन्ही पंक्तींना उपयोगी पडेल.

पहिल्या सकाळी आम्ही दोघी सवयीनं स्वयंपाकघरात शिरलो. गॅस थंड. भाची म्हणाली, "मावशी, गॅसला हात लावू नका. इथं न्याहारीला खाली जायचं." मला वाटलं, पाहुण्यांसाठी म्हणतेय. तर नाही! आजूबाजूची माणसं, ऑफिसला जाणाऱ्या मुली, म्हातारी जोडपी, शाळेच्या गणवेशातली पोरं, सगळी खालीच. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, सूर्य उगवायला सात वाजतात. त्यामुळे अर्धवट अंधारात, ट्यूबलाइटच्या उजेडात ही खाद्ययात्रा सुरू होते. ओळखीचा माणूस भेटला की "कसे आहात" च्या जागी "दाह माकान?" म्हणजे "खाल्लंत का?" असं विचारतात. आपल्याकडे "जेवलात का?" म्हणतात ना, तसंच.

२०२४ च्या डिसेंबरात युनेस्कोनं मलेशियाच्या ह्या न्याहारीच्या रिवाजाची नोंद मानवाच्या अमूर्त वारशात केली. त्यात तीन नावं ठळक आहेत: नासी लमाक, रोटी चानाय आणि तेह तारिक. तीन पदार्थांमागे वेगवेगळ्या घरांच्या चुली आहेत. आपण क्रमानं जाऊ.

'नासी' म्हणजे भात. 'लमाक' म्हणजे स्निग्ध, ओशट. नारळाच्या दुधात शिजवलेला मोकळा भात, त्यात पांदानचं पान. हे पान केवड्याच्या कुळातलं. कोकणात भाताला वास यावा म्हणून आंबेमोहोराचं पान घालतात, तीच जात. भाताबरोबर लाल मिरचीचं गोडसर-तिखट सांबल, तळलेले शेंगदाणे, काकडीच्या चकत्या, उकडलेलं अर्धं अंडं, आणि कुरकुरीत तळलेले बोटाच्या पेराएवढे सुके मासे. त्यांना 'इकान बिलिस' म्हणतात. आपल्या मांदेलीच्या कुळातले. हे सगळं केळीच्या पानात, वरून कागदात, त्रिकोणी मनोऱ्यासारखं बांधलेलं असतं. घडीच्या टेबलावर अशा पुड्यांची रास असते आणि मागे डोक्याला स्कार्फ बांधलेल्या बाई उभ्या असतात. त्यांना 'माक चिक' म्हणायचं. 'माक' म्हणजे आई आणि 'चिक' हे 'धाकटी'चं छोटं रूप. थोडक्यात आपली मावशी!

भाचीच्या घराखालच्या माक चिकना मी खुणा आणि भाची ह्या दोन्हींच्या मदतीनं विचारलं, किती वाजता उठता? म्हणाल्या, तीनला. नारळाचं दूध, भात, सांबल, पुड्या बांधणं, आणि साडेसहाला टेबल लावणं. दहाच्या आत सगळं संपतं नि त्या घरी जातात. दोन मुलांचं शिक्षण ह्या टेबलावर झालं, असं सांगताना त्यांनी टेबलावर असा हात ठेवला की जणू ती दुभती म्हैस आहे. मैत्रिणींनो, आपणही पहाटे उठून हेच करतो. नारळ खवतो, डबे भरतो. पण त्याचा हिशेब कुठं होतो? त्या पुडीवर किंमत होती. पाच मिनिटांत समोरच्या डबीत पैसे पडत होते. मी बराच वेळ ते बघत उभी राहिले, जाऊबाईंनी हाक मारेपर्यंत.

आता शाकाहारी भगिनींनी इथं नीट वाचावं. वरचे मासे दिसतात, ते काढून ठेवता येतील. पण सांबलमध्ये 'बलाचान' असतं, ते दिसत नाही. जवळ्याच्या जातीची बारीक कोलंबी आंबवून, वाळवून त्याची वडी करतात, ती मसाल्यात वाटलेली असते. पुडी बांधून तयार असते, म्हणजे सांबल भाताला लागलेलं असतंच. तेव्हा रस्त्यावरची पुडी शाकाहारी माणसानं घेऊ नये, हे स्पष्ट सांगते. "थोडंसंच असतं, काही होत नाही" असं म्हणणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. चिनी बौद्ध मंडळींची शाकाहारी उपाहारगृहं शहरांतून आहेत, तिथं बलाचानशिवायचा नासी लमाक मिळतो. जाऊबाईंनी तिथंच खाल्ला आणि सांबल दुसऱ्यांदा मागून घेतलं.

दुसरी चूल 'मामाक' मंडळींची. हे तामिळ मुसलमान, फार पूर्वी दक्षिण हिंदुस्थानातून गेलेले. 'मामाक' हा शब्द तामिळ 'मामा'वरून आला. आपल्या मामाचाच सख्खा भाऊ. (हाक मारताना मात्र 'अण्णे' म्हणावं, म्हणजे दादा. 'मामाक' कधी कधी हिणवूनही म्हणतात.) त्यांच्या दुकानात रोटी चानाय होते. खाण्याआधी ती करताना बघा! मैद्याच्या कणकेचे गोळे तेला-तुपात बुडवून मुरत ठेवलेले असतात. कारागीर एक गोळा स्टीलच्या ओट्यावर थापतो, दोन्ही हातांनी धरून हवेत गरकन फिरवतो, आणि पाहता पाहता तो धोतराच्या पदरासारखा पातळ होतो, पलीकडचं दिसेल इतका. मग घड्या घालून चौकोन करतो, तव्यावर भाजतो, आणि उतरवल्यावर दोन तळहातांत धरून टाळी वाजवल्यासारखा दाबतो. पदर सुटतात. लाटणं नाही, पोळपाट नाही! आयुष्यभर घडीच्या पोळ्या लाटलेल्या आम्ही दोघी तोंडात बोट घालून बघत राहिलो.

तिच्याबरोबर पातळ डाळ येते. पण सवयीनं त्या डाळीवरच मटणाची नाहीतर माशाची आमटी पळीभर ओततात. म्हणून आधीच "दाल साहाजा" म्हणावं, फक्त डाळ. हा 'साहाजा' म्हणजे आपल्या 'सहज'चाच वंशज आहे. काही ठिकाणी कणकेत अंडं घालतात, तेव्हा अंडं न खाणारीनं विचारून घ्यावं. नाहीतर तिथं डोसाही मिळतो, त्याला 'तोसाय' म्हणतात, आणि तामिळ हिंदूंच्या खानावळी तर आपल्या उडुपी हॉटेलांच्या चुलतबहिणी. मुलांना केळं घातलेली रोटी आवडते. आणखी एक प्रकार असतो, कागदासारखा पातळ, शंकूच्या आकाराचा, हातभर उंच, साखर घातलेला. मुलं त्यामागे लपतात. पोटभरीला त्याचा काही उपयोग नाही.

चहा तिथंच प्यावा. 'तारिक' म्हणजे ओढलेला. दाट काळ्या चहात आटवलेलं गोड दूध घालून तो दोन भांड्यांत वर-खाली हातभर अंतरावरून ओततात. वर फेसाची साय जमते आणि चहा पिण्याजोगा कोमट होतो. तीन-चार फेऱ्यांत एक थेंब सांडत नाही. मात्र गोड फार! ज्यांना साखरेचं पथ्य आहे त्यांनी "कुरांग मानिस", म्हणजे गोड कमी, असं सांगावं. दूध-साखर दोन्ही नको असेल तर "तेह ओ कोसोंग".

तिसरी चूल चिनी. 'कोपी' हा मलाय शब्द आणि 'तियाम' म्हणजे हॉक्किएन भाषेत दुकान, दोन मिळून 'कोपितियाम'. ही दुकानं हैनान बेटावरून आलेल्या लोकांनी नावारूपाला आणली. इंग्रजांच्या घरी आणि जहाजांवर स्वयंपाकी म्हणून राबलेले हे लोक. टोस्ट-अंडी त्यांनी तिथं शिकून घेतली आणि आपल्या पद्धतीची केली. कोळशावर भाजलेल्या पावाला लोण्याचा थंड काप आणि 'काया' लावतात. काया म्हणजे नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदान तासन् तास हलवून केलेला मुरंबा. बरोबर दोन अर्धवट उकडलेली अंडी, बशीत फोडून सोया सॉस आणि पांढरी मिरपूड घालून. मला आवडलं, जाऊबाईंनी तोंड फिरवून घेतलं. कॉफी साखर आणि मार्गारीनमध्ये भाजलेल्या बियांची, कापडी पिशवीतून गाळलेली, काळीकुट्ट आणि कडक.

इथं एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगायला हवी. पर्यटनाच्या पत्रकांत लिहितात की सगळ्या धर्मांची माणसं एका टेबलावर न्याहारी करतात. मामाकच्या दुकानात ते खरं आहे. मलाय, चिनी, तामिळ शेजारी शेजारी बसलेले मी रोज पाहिले. पण जुन्या कोपितियाममध्ये बऱ्याचदा डुकराच्या मांसाचे पदार्थ असतात, तिथं मुसलमान मंडळी जात नाहीत. एकमेकांच्या पदार्थांची चव सगळ्यांना ठाऊक असते, टेबल मात्र प्रत्येक वेळी एक नसतं. आपल्या आळीत काय निराळं आहे? एकीकडची पुरणपोळी दुसरीकडे जाते, माणूस उंबऱ्यापाशी थांबतो.

आता माझा सगळ्यात लाडका भाग: कुएह. न्याहारीच्या टेबलावर नासी लमाकशेजारी ताटंच्या ताटं मांडलेली असतात, हिरवी, गुलाबी, पांढरी, जांभळी. तांदळाचं पीठ, नारळ आणि गूळ! मैत्रिणींनो, गणपतीतल्या आपल्या स्वयंपाकघरात जे असतं तेच. ताडाच्या कुळातल्या झाडांच्या रसाचा तो गूळ, 'गुला मेलाका' नावाचा. 'गुला' हा शब्द संस्कृत 'गुड'वरून गेलेला, जसा आपला 'गूळ' आला. हिरव्या धिरड्यात ओलं खोबरं आणि ह्या गुळाचं सारण गुंडाळून 'कुएह दादार' करतात. जाऊबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "वहिनी, हा तर मोदक झोपवलाय!" त्यापुढचे 'ओंदे-ओंदे', लहान लिंबाएवढ्या हिरव्या गोळ्या, वर खोबरं, आत गुळाचा खडा. उकळत्या पाण्यात शिजताना तो विरघळतो. अख्खी गोळी तोंडात टाकून ओठ मिटायचे आणि मग चावायची, नाहीतर साडीवर धार उडते. खाली चिकट तांदळाचा पांढरा थर, वर पांदानचा हिरवा गोड थर, त्या वडीला 'सरी मुका' म्हणतात. नाव फोडून बघा, 'श्रीमुख'! पण वरच्या थरात अंडं असतं, तेव्हा श्रीमुखाचं दर्शन शाकाहाऱ्यांनी दुरूनच घ्यावं.

'करिपाप' दिसली की करंजीच वाटते. तीच अर्धचंद्राची घडण आणि कडेला हातानं घातलेली तशीच मुरड. आत मात्र बटाट्याची मसालेदार भाजी, कधी कोंबडी, कधी मासा. विचारूनच उचलावी. आणि कोकणातल्या भगिनींना तर मी 'पुतु मायाम' शोधून खायला सांगेन. तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओलं खोबरं आणि गुळाची पूड. तामिळ लोकांनी नेलेला हा इडिअप्पम. पण ज्यांच्या घरी शिरवाळे होतात त्यांना वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही. पूर्वी फेरीवाले सायकलवर भोंगा वाजवत आणत, असं भाचीच्या शेजारणीनं सांगितलं. पूर्ण शाकाहारी, हलकं, लहान मुलांनाही चालणारं. जाऊबाईंची चार दिवस न्याहारी हीच झाली.

वेळ आणि हौस असेल त्यांनी पूर्व किनाऱ्याला, कलांतान राज्यातल्या कोता भारू गावी जावं. सहली तिकडे सहसा नेत नाहीत. तिथल्या मोठ्या मंडईचं नाव सिती खदिजा. पैगंबरांची पत्नी खदिजा स्वतः व्यापार करीत, त्यांचं नाव दिलेलं. आणि मंडईत गाळ्यांवर बसलेल्या जवळजवळ सगळ्या बायकाच! भाजी, मासळी, कापड, पैशाचा व्यवहार, सगळं त्यांच्या हाती. तिथं सकाळी निळा भात मिळतो. दचकू नका, आपल्या कुंपणावरच्या गोकर्णाच्या फुलांचा तो रंग. भाताला 'नासी कराबू' म्हणतात. वर बारीक चिरलेला कच्चा पाला, मोड, भाजलेलं खोबरं आणि मासा. फुलाला चव म्हणावी अशी नसते, पण लिंबू पिळलं की निळ्याचा जांभळा होतो, हा गंमतीचा भाग. दुसरा 'नासी दागांग', व्यापाऱ्याचा भात. नारळाच्या दुधात वाफवलेला, त्यात मेथीचे दाणे. भातात मेथी? मलाही पटलं नव्हतं. पण नारळाच्या गोडव्यावर ती जरा कडसर चव फार छान बसते.

पलीकडे बोर्निओवरच्या कुचिंग गावात सकाळी कोलंबी घातलेली झणझणीत लाक्सा खातात, इपोहला डिमसम, पिनांगला तांदळाच्या पिठाच्या गुंडाळ्या. मासे-मांस खाणाऱ्यांनी जरूर चाखावं. शाकाहाऱ्यांना त्यात फारसं काही नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. "बुंगकुस" म्हटलं की बांधून देतात, "माकान सिनी" म्हणजे इथंच खाणार. मांस, मासा, अंडं नको हे सांगायला "तक माऊ दागिंग, इकान, तलुर" एवढं पाठ करा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर भाजी मिळते, पण तिच्यात सुकी कोलंबी असू शकते. हातानं खायला कुणी लाजत नाही, उजव्या हातानं मात्र. रमजानच्या महिन्यात मलाय बायकांची सकाळची टेबलं लागत नाहीत. उपवासाला तिकडे 'पुआसा' म्हणतात, आपलाच 'उपवास'. चिनी आणि तामिळ दुकानं तेव्हाही उघडी असतात. पण नासी लमाकसाठी जायचं असेल तर तो महिना टाळून तिकीट काढा.

आणि ज्यांना इतक्यात जायला जमणार नाही त्यांच्यासाठी घरचा नासी लमाक, बलाचान वगळून. दोन वाट्या जुना तांदूळ धुऊन निथळा. एक वाटी नारळाचं दाट दूध, अडीच वाट्या पाणी, मीठ, आल्याचे दोन काप आणि मिळालं तर आंबेमोहोराचं पान गाठ मारून घाला. झाकण ठेवून मंद आचेवर मोकळा भात करा. सांबलसाठी पंधरा ब्याडगी मिरच्या बिया काढून गरम पाण्यात भिजवा. दोन कांदे आणि चार लसूण पाकळ्यांबरोबर बारीक वाटा. अर्धी वाटी तेलात हे वाटण मंद आचेवर परतत राहा. घाई करू नका, वीस मिनिटं लागतात. तेल सुटून वर आलं की चिंचेचा कोळ, गूळ आणि मीठ घालून, एका कांद्याच्या गोल चकत्या टाकून दाटसर होऊ द्या. तळलेले शेंगदाणे, काकडी, खात असाल तर उकडलेलं अंडं. माशांच्या कुरकुरीतपणाची उणीव मी तळलेल्या सुक्या खोबऱ्याच्या कापांनी भरून काढते. केळीचं पान विस्तवावर जरा शेकून घ्या, म्हणजे पुडी बांधताना फाटत नाही. सांबल आठवडाभर फ्रीजमध्ये राहतं, भात मात्र दुपारपर्यंत संपवा. नारळाच्या दुधाचा भात आपल्या हवेत लवकर आंबतो.